बाबागाडीची घडी, विमानाची चाकं आणि पेटंट

कोकणात बाबागाडी विकत घेतलेली बरीच घरं आहेत, पण ती गाडी रस्त्यावर फिरताना क्वचितच दिसते. मुंबईच्या आत्याने बारशाला दिलेली गाडी चार दिवस खळ्यात फिरते आणि मग माळ्यावर जाते. कारण पायाखालीच आहे. जांभ्या दगडाची पाखाडी, चिऱ्यांच्या फटी, पावसाने खरवडलेली लाल माती आणि किनाऱ्याला पोचलं की पुळण. गाडीची चाकं असतात जेमतेम सहा इंचांची.

चाक लहान असलं की काय होतं ते आकड्यांत पाहू. १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक २ सेंटिमीटर उंचीच्या चिऱ्याला अडलं, तर त्याला आडवं ओढून वर चढवायला जवळजवळ त्या चाकावरच्या भाराइतकाच, म्हणजे सुमारे ९३ टक्के जोर लागतो. चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर केला की तोच अडथळा भाराच्या निम्म्याहून कमी जोरात पार होतो. अडथळा ५ सेंटिमीटरचा असेल तर लहान चाकाला भाराच्या जवळजवळ तिप्पट जोर लागेल, म्हणजे ते चढणारच नाही आणि गाडीच पुढे उलटेल. मोठं चाक तेव्हाही भारापेक्षा कमी जोरात चढतं. अडथळ्याची कड चाकाच्या आसाच्या तुलनेत किती खाली आहे, यावर हे सगळं अवलंबून असतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा शहरात फिल बेक्लर यांना १९८०च्या दशकात हीच अडचण दुसऱ्या बाजूने आली. त्यांना धावायची आवड होती आणि लहान मुलालाही सोबत न्यायचं होतं. नेहमीची बाबागाडी पळवली की थरथरायची. त्यांनी तिला सायकलची चाकं लावली आणि धावणाऱ्यांची तीनचाकी बाबागाडी तयार झाली. ती बाळाची वस्तू की खेळाचं साहित्य, हे ठरवणं अवघड आहे. या दोन क्षेत्रांतले शोध एकत्र पाहावेसे वाटतात ते त्यामुळेच. दोन्हीकडे शरीर आणि जोर यांची गाठ पडते. खेळाडूचं शरीर आपल्या ताकदीच्या टोकाला असतं, बाळाच्या शरीराला अजून ताकद यायची असते. उपाय मात्र पुष्कळदा एकमेकांकडून उचललेले असतात, किंवा दोघांनी मिळून तिसरीकडून.

तिसरीकडून म्हणजे बहुतेक वेळा विमानातून. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. मुलगी परदेशातून नात घेऊन आली, तेव्हा तिची जडशीळ बाबागाडी प्रवासात किती त्रास देते ते त्यांनी पाहिलं. १९६५ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, पावणेतीन किलोच्या आसपास वजनाची गाडी करून पेटंटसाठी अर्ज केला.

या गाडीत नवं काय होतं? विमानाच्या चाकांना दोन परस्परविरोधी गोष्टी जमाव्या लागतात. हवेत गेल्यावर त्यांनी अगदी लहान जागेत मिटायचं आणि जमिनीवर टेकताना, सगळा भार अंगावर येताना, अजिबात मिटायचं नाही. बाळाच्या गाडीलाही नेमकं हेच हवं असतं. अशा घडीच्या गाड्यांत मागच्या बाजूला दोन तुकड्यांचा, मधे सांधा असलेला एक दांडा असतो. गाडी उघडल्यावर आपण तो पायाने दाबतो. तो नुसता सरळ होऊन थांबत नाही, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अटकावाला टेकतो. आता बाळ बसलं की त्याचं वजन दांड्याला आणखी त्याच दिशेने, म्हणजे अटकावाकडे ढकलतं. वजनामुळे गाडी मिटायच्या ऐवजी जास्त घट्ट बसते. मिटायची असेल तर तो सांधा मुद्दाम उलट दिशेला उचलावा लागतो. घरात अशी गाडी असेल तर बाळ नसताना एकदा सावकाश उघडून-मिटून पाहा. बोटं मात्र सांध्यापासून दूर ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेत अशा दहा लाखांच्या आसपास गाड्यांच्या बिजागऱ्यांवर झाकणं बसवावी लागली होती, कारण घडी उघडताना मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती.

हॉवर्ड हेड यांची गोष्टही अशीच. तेही विमान कारखान्यातले अभियंते. विमानात धातूचे पातळ पत्रे चिकटवून हलके आणि मजबूत भाग करतात, ती रीत वापरून त्यांनी बर्फावर घसरायच्या धातूच्या पट्ट्या केल्या. उतारवयात टेनिस खेळताना चेंडू रॅकेटच्या मधोमध न लागता कडेला लागला की रॅकेट हातात पिळवटते, हे त्यांना खुपलं. त्यांनी रॅकेटचं डोकं रुंद केलं. वस्तुमान मधल्या अक्षापासून दूर गेलं की ती वस्तू फिरवायला जास्त जोर लागतो, आणि हा फरक अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून थोडीशी रुंदी वाढवूनही पिळवटणं बरंच कमी झालं. १९७६ साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं.

आता पेटंट म्हणजे नेमकं काय, ते पाहू. इथे गैरसमज भरपूर आहेत.

पेटंट कल्पनेला मिळत नाही. "घडी होणारी बाबागाडी" ही कल्पना आहे आणि ती कुणीही मनात आणू शकतो. पेटंट मिळतं ते घडी कशी होते, कुठला भाग कुठल्या भागाशी कसा जोडला आहे आणि त्यामुळे काय साधतं, या नेमक्या रचनेला. अर्जाच्या शेवटी क्रमांक घातलेले काही दावे असतात आणि सगळं वजन त्या दाव्यांवर असतं. आपल्या आगराभोवती गडगा घालतो तसाच हा प्रकार. गडग्याच्या आत दुसऱ्याने यायचं नाही, बाहेर कुणीही माड लावावा. हेड यांचा गडगा रॅकेटच्या जाळीच्या क्षेत्रफळावर होता, ८५ ते १३० चौरस इंच. तेव्हाच्या नेहमीच्या रॅकेटी ७० चौरस इंचांच्या आसपासच्या होत्या, म्हणून ही जागा मोकळी सापडली. गडगा फार आखूड घातला तर शेजारी अर्ध्या हातावर तीच वस्तू विकतो. फार लांब घातला तर कुठेतरी दुसऱ्याच्या जुन्या जमिनीत शिरतो आणि मग सगळाच पाडावा लागतो.

जॉन बॉइड डनलॉप यांच्या बाबतीत हे पाडणं खरंच घडलं. ते बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर. १८८७ साली मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर खडखडू नये म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवली. पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या शर्यती हवेच्या टायरांवर जिंकल्या आणि मुलाच्या खेळण्यासाठी केलेली युक्ती शर्यतीच्या मैदानात गेली. पण रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट १८४५ मध्येच घेतलेलं होतं. लोक ते विसरून गेले होते. डनलॉप यांनाही ते ठाऊक नव्हतं. पण कायद्याला माहीत नसणं चालत नाही. आधी कुणी जाहीर केलेलं असेल तर ते नवं नाही, आणि डनलॉप यांचं मूळ पेटंट रद्द झालं. धंदा टिकला तो टायर रिमवर बसवायच्या आणि हवा कोंडून ठेवायच्या लहान लहान सुधारणांच्या पेटंटांवर. आपल्या सायकलवाल्याकडे मिळणारी ती बारीक वॉलट्यूब याच काळातल्या वुड्स व्हॉल्व्हची. एवढी साधी गोष्ट, पण हवा आत जाते आणि परत बाहेर येत नाही.

भारतीय कायद्यातही, म्हणजे १९७०च्या पेटंट कायद्यात, हीच पहिली कसोटी आहे: वस्तू जगात कुठेही आधी जाहीर झालेली नसावी. दुसरी कसोटी अशी की त्या कामातल्या जाणकार माणसाला ती सहज सुचण्यासारखी नसावी. तिसरी, ती प्रत्यक्ष बनवता आणि वापरता यावी. माझ्या मते यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी समजलेली आहे. मॅक्लारेन यांच्या काळातल्या बाबागाडी बनवणाऱ्याला विमानाच्या चाकांची यंत्रणा सहज सुचली नसती. म्हणून दूरच्या क्षेत्रातून उचललेला उपाय बरेचदा या कसोटीला उतरतो. उलट बाबागाडीला मोबाईल ठेवायचा खण आणि छोटा पंखा लावला, तर ते दोन्ही आपापलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करतात. ओळखीच्या वस्तूंची अशी नुसती जुळवाजुळव आपला कायदा कलम ३(एफ) मध्ये स्पष्टपणे बाद करतो.

त्याच कलमाच्या (पी) भागात पारंपरिक ज्ञान येतं आणि कोकणासाठी हा भाग जिव्हाळ्याचा आहे. हळदीने जखम भरते या गोष्टीचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे देऊन ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आपल्या आजीला हे माहीत होतं, एवढं म्हणून भागलं नसतं. छापील पुरावा लागला.

याच नियमाने पांगुळगाड्याचं पेटंट कुणालाही मिळणार नाही, सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरालाही नाही आणि परदेशी कंपनीलाही नाही. पांगुळगाडा मात्र रचना म्हणून फार चांगला आहे, आणि आज दुकानांत त्याची जागा घेऊन बसलेला प्लॅस्टिकचा वॉकर वाईट आहे, हे मी स्पष्टच सांगतो. वॉकरमध्ये बाळ मधे लोंबकळत बसतं आणि पायाच्या टोकांनी जमीन रेटतं. तोल सांभाळायचं काम चौकट करते, म्हणून बाळ तोल शिकत नाही. त्यात वेग असा की मोठं माणूस धावेपर्यंत गाडी पायरीपाशी पोचलेली असते. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या घरांत ओटीवरून पडवीत आणि पडवीतून खळ्यात उतरायला पायऱ्या असतात, तिथे तर हा धोका जास्तच. पांगुळगाड्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून आडवा दांडा ढकलतं, सोडून दिला की खाली बसतं, बस. तरीही त्यात सुधारणेला जागा आहे. बाळाने एकदम जोर दिला तर तो पुढे पळतो. वेग वाढला की आपोआप आवळणारा साधा लाकडी रोध कुणी बसवला आणि तो आधी कुठे जाहीर झालेला नसला, तर त्या रोधाच्या रचनेला पेटंट मिळू शकतं. पांगुळगाडा सगळ्यांचाच राहील.

ॲन मूर यांनी हेच केलं. त्या पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात स्वयंसेविका होत्या. तिथल्या आया मुलांना कापडाने पाठीशी बांधून काम करतात हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडेही काम करताना बाळ लुगड्याच्या झोळीत असायचं. मूर यांना १९६९ साली पेटंट मिळालं ते मूल अंगाशी बांधण्याला नव्हे, त्यांच्या आईच्या मदतीने शिवलेल्या, पट्टे आणि आकार कमी-जास्त करता येणाऱ्या विशिष्ट पिशवीला.

आता एक शोध, गाडीतल्या सीटबेल्टचा, ज्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण चतुर्थीला मुंबई-गोवा महामार्गावर दर दुसऱ्या गाडीत पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर तान्हं बाळ दिसतं. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, बाळ ८ किलोचं आहे आणि टक्कर होऊन गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरा. तेवढ्या क्षणात बाळाला धरून ठेवायला सुमारे ९० किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. कुठल्याही आईच्या हातांत तो नसतो, माया कितीही असली तरी. जोर कमी करायचे दोनच मार्ग आहेत: थांबायला वेळ जास्त द्यायचा किंवा तो जोर शरीराच्या मोठ्या भागावर पसरायचा. नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्हॉल्वो कंपनीत तीन ठिकाणी बांधलेला पट्टा केला. त्याआधी ते लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत. कंपनीने ते पेटंट इतरांना वापरायला मोकळं ठेवलं, आणि पेटंटच्या इतिहासात इतकं चांगलं काम क्वचितच झालं असेल.

पण तो पट्टा मोठ्यांसाठी आहे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसवलं तर धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांना उत्तर सापडलं ते अवकाशवीरांच्या आसनात. उड्डाणाचा प्रचंड जोर अवकाशवीर पाठीवर झेलतात. बाळाला गाडीत मागे तोंड करून बसवलं की टक्करीचा जोर पाठ, मान आणि डोकं या सगळ्यांवर एकसारखा पसरतो आणि मान वाकत नाही. १९६०च्या दशकातली ही गोष्ट. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ब सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचं सुरक्षा आसन हवं, नाहीतर हजार रुपये दंड. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी जोडणारा पट्ट्यांचा जाकीट-पट्टा लागतो, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेटही, आणि वेग चाळीसच्या आत. हा जाकीट-पट्टा तीस किलोपर्यंतचं वजन पेलणारा आणि पाण्यात न भिजणारा हवा, असंही नियमात आहे. कोकणातल्या पावसात ही शेवटची अट वाचून मला बरं वाटलं.

खेळाच्या साहित्याला पेटंटनंतर आणखी एक उंबरठा असतो, खेळाच्या नियमांचा. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू डेनिस लिली डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. त्यानंतर बॅटचं पातं लाकडाचंच हवं असा नियम झाला. २००८ मध्ये पोहण्याचे विक्रम धडाधड मोडणारे अंगभर पोशाख १ जानेवारी २०१० पासून बंद झाले. क्रिकेटचं हेल्मेट मात्र टिकलं, आणि तेही १९७८च्या सुमारास मोटारसायकलच्या हेल्मेटवरूनच आलं. आमच्या वाडीतल्या मुलांची माडाच्या चुडताच्या देठाची बॅट नियमात बसते की नाही, हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही.

वेंगुर्ल्याजवळ आमच्या नात्यातले एक सुतारकाका आहेत. त्यांनी पाळण्याचा घडीचा स्टँड केला आहे. दोन्ही बाजूंना कात्रीसारखे पाय आणि मधे फणसाच्या लाकडाची पाचर. पाळण्यात वजन आलं की कात्री पसरू पाहते आणि पाचर आणखी आवळली जाते. रिकामा असेल तेव्हाच ती निघते. कड्या पितळेच्या, कारण खाऱ्या हवेत लोखंडाची कडी लवकर खाऊन जाते. "ह्येचा पेटंट माका गावात काय रे?" म्हणजे मला मिळेल का, असं त्यांनी विचारलं. आणि लगेच, "पण फोटो तर कधीच टाकलंय स्टेटसाक."

हीच अडचण आहे. आपणच आधी जाहीर केलं तरी नवेपणा जातो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर बारा महिन्यांची सवलत आहे. गावच्या जत्रेला आणि व्हॉट्सॲपला ती नाही. काकांच्या बाबतीत एक वाट उरते. फोटोत स्टँड बाहेरून दिसतो, पाचर आतून कशी आवळते ते दिसत नाही. तेवढी रचना खरंच झाकलेली असेल तर तिच्यावर दावा लिहिता येईल. आधी शोध घ्यायला हवा. जुनी पेटंटं इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आकृत्यांसकट. भारतात पेटंट वीस वर्षांचं असतं, त्यामुळे मुदत संपलेल्या हजारो रचना कुणीही बनवायला मोकळ्या आहेत, मॅक्लारेन यांची पहिली घडीसुद्धा. नुसतं रूप, म्हणजे आकार आणि नक्षी राखायची असेल तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली दहा आणि पुढे पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण त्यात पाचरीचं काम येत नाही.

अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला सुरुवातीचं शुल्क सध्या १,६०० रुपये आहे. तपासणीचं शुल्क आणि वकील केला तर त्याची फी वेगळी. आधी तात्पुरता तपशील दिला तरी तारीख पक्की होते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. तात्पुरत्या कागदात पाचरीचा कोन, लाकूड आणि ती का आवळते याचं कारण आलंच पाहिजे, कारण नंतर घातलेल्या नव्या गोष्टीला जुनी तारीख मिळत नाही. काकांना मी मे महिन्यात अर्ज करायला सांगितलं आहे. मग मुदतीच्या आत एक अख्खा पावसाळा मिळतो, आणि फणसाची पाचर दमट हवेत फुगून अडकते की नाही, ते स्टँडवर वाळूची पिशवी टांगून पाहता येईल.